मुंबईचें नभोवाणी-केंद्र व त्याचीं इतिहास-साधनें

प्रास्ताविक

गेल्या पावसाळ्यापूर्वीं एका स्नेह्यांच्या घरीं जुन्या पोथ्या तपासण्याचा योग आम्हांस आला. दप्तर लहान होतें. अमरकोशाची एक अपूर्ण प्रत, कांहीं स्तोत्रें व चार-दोन पंचांगें, एवढाच काय तो ऐवज. परंतु अमरकोशाच्या पानांत घडी घातलेला एक छापील कागद निघाला. तो डिसेंबर १९२९ मध्यें पोस्ट-कचेरींतून दिलेला, नभोवाणीचें यंत्र घरीं बाळगण्याचा परवाना होता. फी रुपये दहा. पोथ्यांच्या मालकांस तो टाकाऊ वाटला. आम्हीं तो मागून घेतला. पुढें चौकशी करितां असें कळलें कीं, त्यांच्या पणजोबांच्या त्याच पेटींत नभोवाणीच्या एका इंग्रजी नियतकालिकाचे अंक व हातानें लिहिलेली एक जाड वही होती. घरांतील वृद्ध आजीबाईंच्या सांगण्याप्रमाणें, रोज रात्रीं मुंबईहून कोण गायलें व कोण काय बोललें, याचीं टिपणें पणजोबांनीं त्या वहींत केलेलीं होतीं. ते अंक व ती वही, दोन्ही पंधरा दिवसांपूर्वींच रद्दीवाल्याच्या तराजूंत गेलीं होतीं.

परवाना राहिला आणि वही गेली, ही गोष्ट प्रस्तुत लेखास कारण झाली. मुंबईच्या नभोवाणी-केंद्राचा इतिहास आज ज्या स्वरूपांत उपलब्ध आहे, तो बहुतांशीं परवाने, फी, भांडवल, जकात व सरकारी ठराव यांचा इतिहास आहे. ज्या वाणीसाठीं हें सर्व उभें राहिलें, ती वाणी त्यांत जवळजवळ नाहीं. आमच्या मतें याचें कारण एकच: हिशेबाचे कागद जपणारे लोक होते, ऐकलेल्या शब्दाचे कागद जपणारे नव्हते. या मताची परीक्षा करण्यासाठीं केंद्राच्या आद्य कालाचा वृत्तान्त प्रथम देऊन, नंतर साधनांचा विचार करूं.

आद्य प्रसारणाचा प्रश्न

मुंबईंत ध्वनिक्षेपण प्रथम केव्हां झालें, या प्रश्नास तीन उत्तरें दिलीं जातात. तीं परस्परविरुद्ध भासतात, पण तशीं नाहींत.

पहिलें उत्तर ऑगस्ट १९२१ चें. त्या महिन्यांत टाइम्स ऑफ इंडिया या पत्रानें टपाल व तार खात्याच्या साह्यानें मुंबईच्या आपल्या कचेरींतून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून तो झाला व त्यांनीं तो पुण्यास ऐकला. दुसरें उत्तर जून १९२३ चें. त्या वेळीं मुंबईच्या रेडिओ क्लबानें हौशी मंडळींच्या बळावर कार्यक्रम सुरू केले; त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कलकत्त्याच्या क्लबानें त्याचें अनुकरण केलें, व १९२४ च्या जुलै-अखेरीस मद्रासचा क्लबही या कामास लागला. तिसरें उत्तर ता. २३ जुलै १९२७ चें. त्या दिवशीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई-केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालें.

शिवजन्मतिथीचा वाद ज्यांनीं वाचला आहे, त्यांस अशा प्रश्नांत घाई करूं नये हें सांगावयास नको. तीन तारखा तीन निरनिराळ्या गोष्टींच्या आहेत. १९२१ चा प्रसंग हा प्रयोग होय. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणच्या एका विवक्षित श्रोत्यासाठीं तो केलेला होता. १९२३ चा उपक्रम हा हौशी संघाचा व्यवहार होय. श्रोता अनेक, पण बहुधा जाणता व यंत्राचा छंदी. १९२७ सालीं जें घडलें तें मात्र केंद्र. नेमलेली लहर, नेमलेली वेळ, करारानें बांधलेली संस्था आणि फी भरून ऐकणारा अपरिचित श्रोता, हीं चारही लक्षणें तेथें प्रथम एकत्र आलीं. म्हणून केंद्राचा जन्म शके १८४९, आषाढ वद्य पक्ष, शनिवार, असा लिहिण्यास आम्हांस प्रत्यवाय दिसत नाहीं. तो संवत्सर साठ संवत्सरांतील पहिला, म्हणजे प्रभव होता. या योगास आम्ही पुराव्याचें महत्त्व देत नाहीं, परंतु नोंद करून ठेवतों.

आणखी एक तारीख येथें सांगणें उचित होईल. अस्सल कागदावांचून इतिहास लिहूं नये, हें महाराष्ट्रास कठोरपणें शिकविणारे कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ता. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले. त्यानंतर सात महिन्यांच्या आंत, बोललेला शब्द कागदास न शिवतां हजारों घरांत पोंचविणारी ही संस्था मुंबईंत उभी राहिली. दोन घटनांत कार्यकारणभाव अर्थातच नाहीं. तथापि इतिहास-संशोधकांपुढें जो नवा पेंच पडावयाचा होता, त्याचा आरंभ या दोन तारखांच्या मध्यें आहे.

कंपनीचा काल: १९२७ ते १९३०

कंपनीशीं सरकारचा करार ता. १३ सप्टेंबर १९२६ रोजीं झाला. अधिकृत भांडवल १५ लक्ष रुपयांचें होतें. प्रत्यक्ष उभें राहिलें ६ लक्ष. त्यांपैकीं ४॥ लक्ष मुंबई व कलकत्ता येथील दोन केंद्रें उभारण्यांतच खर्च झाले. कलकत्त्याचें केंद्र ता. २६ ऑगस्ट १९२७ रोजीं सुरू झालें. दोन्ही केंद्रांची शक्ति प्रत्येकीं १॥ किलोवॉट होती, व दिवसा सुमारें ३० मैलांच्या टापूंत त्यांचा आवाज समाधानकारक ऐकूं येई.

या ठिकाणीं यंत्राची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण पुढील कागदांच्या परीक्षेस तिचा उपयोग आहे. मुंबई-केंद्र ३५७.१ मीटर लांबीच्या लहरीवर बोलत असे. ही मध्यम लहर होय. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणें लहरीची उंची कमी-अधिक करावयाची व श्रोत्याच्या यंत्रानें त्या चढउतारांतून पुन्हा आवाज काढावयाचा, अशी ती पद्धति. तीसच पुढें ए. एम. हें संक्षिप्त नांव पडलें. मध्यम लहर दिवसा जमिनीस धरून चालते, म्हणून तिची मजल बेताची. सूर्यास्तानंतर आकाशांतील वरच्या विद्युद्भारित थरावरून ती परावृत्त होते व दूरच्या गांवीं उतरते. यावरून घाटमाथ्यावरील एका तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या गृहस्थानें मुंबईच्या केंद्रासाठीं परवाना काढावा, व वहींतील सर्व टिपणें रात्रींचीं असावीं, याचा उलगडा होतो. आजीबाईंची आठवण आणि यंत्राचा धर्म येथें एकमेकांस पुष्टि देतात.

आतां कंपनी कां बुडाली तें पाहूं. परवान्याच्या दहा रुपयांपैकीं आठ रुपये कंपनीस मिळत. परवान्यांची संख्या १९२७ अखेर ३,५९४, १९२८ अखेर ६,१५२ व १९२९ अखेर ७,७७५ होती. शेवटचा आंकडा घेतला तरी वार्षिक प्राप्ति ६२,२०० रुपये होते. उलट पक्षीं कंपनीचा खर्च प्रथम दरमहा ३३,००० व काटकसरीनंतर दरमहा २४,००० रुपये होता. म्हणजे काटकसरीनेंसुद्धां वर्षास २,८८,०००. आयात यंत्रांच्या किंमतीवर शेंकडा दहा रुपये कंपनीस मिळण्याची तरतूद करारांत होती. तथापि परवान्यांच्या उत्पन्नावरच हा खर्च भागवावयाचा तर ३६,००० परवाने पाहिजे होते. हिशेबाची ही तोंडमिळवणी अशक्य होती, आणि ता. १ मार्च १९३० रोजीं कंपनी दिवाळखोरींत निघाली.

आमच्या हातीं आलेला परवाना या ७,७७५ पैकीं एक आहे. साऱ्या हिंदुस्थानांतील आठ हजारांहून कमी घरांपैकीं एका घरीं हा आवाज येत होता. त्या घरांतील मनुष्य तो लिहूनही ठेवीत होता. असे लिहिणारे किती असतील याचा अंदाज वाचकांनींच करावा.

सरकारी काल: १९३० ते १९३८

ता. १ एप्रिल १९३० पासून सरकारनें केंद्रें आपल्या ताब्यांत घेतलीं व इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस असें नांव दिलें. हाही प्रयोगच होता, आणि तोही तोट्याचा. ता. १० ऑक्टोबर १९३१ रोजीं तो बंद करण्याचें ठरलें. लोकांचा ओरडा होतांच ता. २३ नोव्हेंबर रोजीं तो निर्णय मागें घेण्यांत आला, आणि मे १९३२ मध्यें सेवा कायम करण्याचें ठरलें. यंत्रांवरील जकात शेंकडा २५ वरून ५० करण्यांत आली. १९३२ च्या डिसेंबरांत लंडनहून बी. बी. सी. ची साम्राज्य-सेवा सुरू झाल्यावर यंत्रांचा खप वाढला: परवाने १९३२ अखेर ८,५५७ होते, ते १९३४ अखेर १६,१७९ झाले. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मुंबईचें केंद्र तगलें तें अंशतः लंडनची वाणी ऐकण्यासाठीं यंत्रें घेणाऱ्यांच्या पैशावर.

ऑगस्ट १९३५ अखेर लायोनेल फील्डन हे नियंत्रक म्हणून इंग्लंडहून आले, ता. ८ जून १९३६ रोजीं ऑल इंडिया रेडिओ हें नांव रूढ झालें, आणि ता. ४ फेब्रुवारी १९३८ रोजीं मुंबईंत लघुलहरींचें प्रक्षेपण सुरू झालें. यापुढें मुंबईचा आवाज ३० मैलांच्या वर्तुळापुरता राहिला नाहीं. येथें केंद्राचा आद्य काल संपला असें आम्ही मानतों.

वरील वृत्तान्तांतील प्रत्येक वाक्यास तारीख किंवा आंकडा आहे. हा वृत्तान्त खोटा नाहीं. परंतु यांत एकही गाणें नाहीं, एकही व्याख्यान नाहीं, एकही मराठी शब्द नाहीं. एखाद्या देवळाच्या इनामाचे सर्व ताळेबंद हातीं यावे आणि आंत मूर्ति कोणती होती हें कळूं नये, तसें हें झालें आहे.

आकाशवाणी व आकाशभाषित

नांवाविषयीं थोडें विषयान्तर करितों. पण तें साधनांच्या प्रश्नाकडेच नेणारें आहे. मराठींत नभोवाणी हा शब्द बरींच वर्षें चालला. आकाशवाणी हें नांव म्हैसूर येथें डॉ. एम्. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनीं ता. १० सप्टेंबर १९३५ रोजीं सुरू केलेल्या खासगी केंद्रावरून आलें. तें सर्व देशाच्या सेवेनें १९५७ च्या सुमारास स्वीकारलें. पुराणांतील आकाशवाणी म्हणजे अशरीरिणी वाक्: बोलणारा दिसत नाहीं, पण शब्द स्पष्ट ऐकूं येतो. कंसानें ऐकली ती अशीच. नांव समर्पक आहे यांत शंका नाहीं.

तथापि नाट्यशास्त्रांतील आकाशभाषित ही संज्ञा आम्हांस या विषयास अधिक जवळची वाटते. भाण नामक रूपकांत रंगभूमीवर नट एकटाच असतो. तो आकाशाकडे पाहून अदृश्य पात्राशीं बोलतो, आणि 'किं ब्रवीषि', म्हणजे 'काय म्हणतोस?' असें विचारून त्या पात्राचें बोलणें स्वतःच उच्चारून दाखवितो. अदृश्य पात्राचे शब्द प्रेक्षकांस कळतात ते केवळ ऐकणारा ते पुन्हा उच्चारतो म्हणून. नट गप्प बसला तर ते शब्द नव्हतेच.

नभोवाणीच्या इतिहासाची हीच स्थिति आहे. आरंभीं बहुतेक कार्यक्रम प्रत्यक्षच होत. पुढें ध्वनिफिती आल्या, पण त्या महाग असल्यामुळें पुसून पुन्हा वापरण्याची रीत दीर्घकाळ होती. वाणी गेली ती गेली. वेदांची वाणीही कागदावांचून टिकली, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तिच्यासाठीं पदपाठ, क्रमपाठ, जटा व घन अशी पहाऱ्याची व्यवस्था होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालविणारे घनपाठी होते. मुंबईच्या केंद्रास घनपाठी कोण? ज्यानें ऐकून तें पुन्हा सांगितलें किंवा लिहिलें, तो श्रोताच.

१९४२ चें गुप्त केंद्र

याचा उत्तम पडताळा मुंबईंतच घडलेल्या एका प्रकरणांत मिळतो. ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेसचे पुढारी पकडले गेल्यावर मुंबईंतील कांहीं तरुणांनीं एक गुप्त ध्वनिक्षेपक चालविला; तोच काँग्रेस रेडिओ. त्यांत प्रमुख उषा मेहता होत्या. त्यांचें वय त्या वेळीं अवघें बावीस वर्षांचें होतें. डॉ. राममनोहर लोहिया यांचें साह्य होतें. प्रसारण ता. २७ ऑगस्ट रोजीं सुरू झालें. लहर ४२.३४ मीटर, म्हणजे लघुलहर. पोलिसांस माग लागूं नये म्हणून यंत्र मुंबईंत एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवावें लागे. चितगांववरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि आपल्याकडील आष्टी-चिमूरचें प्रकरण, या वार्ता सरकारी केंद्रावर येत नसतां या केंद्रावरून सांगितल्या गेल्या. ता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं छापा घालून मंडळींस पकडलें. पुढें खटला चालून १९४३ सालीं उषा मेहतांस चार वर्षांची शिक्षा झाली.

हें केंद्र अडीच महिने जगलें. त्यास इमारत नव्हती, दप्तर नव्हतें, कार्यक्रमपत्रिका नव्हती. कागद ठेवणें हाच अपराधाचा पुरावा झाला असता. असें असूनही त्यावरून काय बोललें गेलें हें आज बरेंचसें वाचावयास मिळतें. कारण शत्रु ऐकत होता. पोलिसांनीं तीं भाषणें व वार्ता ऐकून लिहून घेतल्या. तीं टिपणें खटल्याच्या कामांत आलीं, दप्तरांत राहिलीं, आणि पुढें त्यांवरून ग्रंथ झाले. उषा ठक्कर यांचा ग्रंथ १९२१ च्या प्रसंगास शंभर वर्षें झालीं त्याच सालीं, म्हणजे २०२१ सालीं, प्रसिद्ध झाला.

शिवकालाच्या अभ्यासकांस यांत नवल वाटणार नाहीं. सुरत, राजापूर व कारवार येथील इंग्रज वखारवाल्यांचीं पत्रें हीं महाराजांच्या मित्रांनीं लिहिलेलीं नाहींत; तरी त्यांवांचून आमचें चालत नाहीं. भयानें ऐकणारा मनुष्य लक्षपूर्वक ऐकतो. त्याचें लेखन पक्षपाती असेल, परंतु तारीख व वेळ तो चुकवीत नाहीं. यांतून एक विचित्र फल निष्पन्न होतें. ज्या केंद्राचें बोलणें सरकारला नको होतें, तें सरकारच्या शिपायांनीं जतन केलें. ज्या केंद्राचें बोलणें सरकारनेंच पैसे देऊन करविलें, तें जतन करण्यास कोणीही नेमलेला नव्हता. ७,७७५ परवानेदारांतील जे थोडे स्वखुशीनें लिहीत होते, त्यांच्या वह्या आमच्या हातून रद्दींत जात आहेत.

कागदांच्या कालनिर्णयाचीं गमकें

अद्यापि घरोघरच्या पेट्यांत कार्यक्रमाचे तक्ते, कलावंतांशीं झालेले करार, टंकलिखित भाषणें, श्रोत्यांचीं पत्रें व टिपणवह्या असतील. त्यांवर पुष्कळदां साल नसतें. मोडी पत्रावर शक नसला तर आम्ही मायना, शिक्का व हुद्दा पाहून काल ठरवितों. तशींच कांहीं गमकें येथें देतों.

पहिलें गमक मथळ्याचें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचा मथळा असेल तर कागद १ मार्च १९३० पूर्वींचा; इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस असेल तर १ एप्रिल १९३० ते जून १९३६ या कालांतील; ऑल इंडिया रेडिओ असेल तर त्यानंतरचा; आकाशवाणी हें नांव मुंबईच्या कागदावर असेल तर तो बहुधा १९५७ च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा. जुना मथळा संपेपर्यंत वापरण्याची कचेऱ्यांची संवय ध्यानांत ठेवून वर्ष-सहा महिन्यांची सूट द्यावी.

दुसरें गमक नियतकालिकाचें. इंडियन रेडिओ टाइम्स हें पत्र जुलै १९२७ पासून निघूं लागलें, ता. २२ डिसेंबर १९३५ पासून त्याच्या जागीं इंडियन लिसनर आलें. जानेवारी १९५८ पासून त्याचें नांव आकाशवाणी झालें. सुट्या पानावर नांव दिसलें तरी काम होतें. परंतु या पत्रांत छापलेला कार्यक्रम योजलेला असे, झालेला असेच असें नाहीं. गवई आजारी पडला, गाडी चुकली, यंत्र बिघडलें, हें छापील पानास ठाऊक नसतें. तेथें श्रोत्याची वहीच प्रमाण.

तिसरें गमक मापाचें. नुसते मीटर दिले असतील तर कागद जुना. किलोसायकल हें माप त्यानंतर सररास वापरांत आलें. किलोहर्ट्झ दिसल्यास तो बराच अलीकडचा. तीन लक्षास मीटरांनीं भागिलें कीं किलोसायकल मिळतात: ३५७.१ मीटर म्हणजे सुमारें ८४०. याहून सूक्ष्म कसोटी अशी. ता. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आंतरराष्ट्रीय करारानें मध्यम लहरींच्या केंद्रांस नवाच्या पटींतील कंपनसंख्या देण्यांत आल्या. मुंबईच्या ५५८, १०४४ व ११८८ या तिन्ही संख्यांस नवानें निःशेष भाग जातो. ८४० ला जात नाहीं. म्हणून मध्यम लहरीची संख्या नवानें निःशेष भागली जात नसेल तर कागद १९७८ पूर्वींचा समजण्यास हरकत नाहीं. उलट मात्र म्हणतां येत नाहीं, कारण जुनी संख्याही योगायोगानें नवाची पट असूं शकेल.

चौथें गमक वाद्याचें. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें संवादिनी, म्हणजे बाजाची पेटी, वर्ज्य केली. ती बंदी १९७१ पासून सैल झाली. गायनाच्या कार्यक्रमपत्रिकेंत पेटीची साथ स्पष्ट लिहिली असेल तर ती या एकतीस वर्षांतील असण्याचा संभव अल्प. एकटें हें गमक पुरेसें नाहीं. दुसऱ्याच्या जोडीनें वापरावें.

उपसंहार

संग्राहकांस उपदेश करण्यापूर्वीं स्वतःचा अपराध सांगणें प्राप्त आहे. शाळेंत नोकरीवर असतां आम्हीं एका केंद्रावर संस्कृत सुभाषितांविषयीं दहा मिनिटें भाषण केलें होतें. भाषण आधीं लिहून द्यावें लागे. मंजुरीचा शिक्का व अधिकाऱ्याच्या दोन दुरुस्त्या असलेली त्याची प्रत आम्हांकडे परत आली होती. निवृत्तीच्या वेळीं कपाट रिकामें करितांना तींनशें वर्षांपूर्वींच्या एका पोथीस जागा व्हावी म्हणून आम्हीं ती प्रत टाकून दिली. पोथीच्या दुसऱ्या प्रती अन्यत्र आहेत. त्या भाषणाची दुसरी प्रत कोठेंही नाहीं. पेटींतील वही गेल्याचें ऐकल्यावर आम्हांस प्रथम आठवण झाली ती याची.

पोथीस जागा आणि टंकलिखितास केराची टोपली, हा आपणां सर्वांचा संस्कार आहे. जुनें तेवढें मोलाचें असें आपण मानीत आलों. परंतु मोल वयावर नाहीं, दुसरी प्रत आहे कीं नाहीं यावर आहे. पुण्याच्या केंद्रावरून १९५५-५६ सालीं झालेलें गीतरामायण छापलें गेलें, मुद्रित झालें व घरोघर पाठ झालें, म्हणून तें सुरक्षित आहे. मुंबईच्या केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' ज्यांनीं ऐकलें, त्यांच्या कानांत बाळ कुडतरकर, नीलम प्रभु व प्रभाकर जोशी यांचे आवाज अद्यापि आहेत. पण कान हें दप्तर नव्हे. गेल्या कांहीं वर्षांत देशांतील अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद करण्यांत आले आहेत. प्रक्षेपक बंद होतो तेव्हां त्याच्याशीं संबंधित कागदांकडे कोणाचें लक्ष राहत नाहीं, हें कंपनीच्या दिवाळ्यापासून दिसत आलें आहे.

म्हणून आमची विनंति अशी कीं, पोथ्यांचें दप्तर सोडतांना त्याच पेटींतील परवाने, कार्यक्रमाचीं पानें, भाषणांच्या प्रती व विशेषतः ऐकून लिहिलेल्या वह्या वेगळ्या काढाव्या. मिळाल्याचें स्थळ, घराण्याचा संबंध व पानांची संख्या लिहावी. आणि नक्कल करून मग मालकांस परत कराव्या. कोणाकडे १९२७ ते १९३८ या कालांतील श्रोत्याची टिपणवही असेल तर तिचें वर्णन या त्रैमासिकाकडे अवश्य धाडावें. एकच वही सांपडली तरी वर दिलेल्या आंकड्यांच्या इतिहासास प्रथमच आवाज मिळेल. आमच्याकडील परवाना आम्हीं अमरकोशाच्या त्याच पानांत, त्याच घडीवर ठेवून मालकांस परत दिला आहे. नक्कल घेतली आहे. रद्दीवाल्याकडे आम्ही दोनदां जाऊन आलों. त्याच्याकडील त्या महिन्याचा माल कागदाच्या गिरणीकडे रवाना झालेला होता.